उंच गडांच्या मुलखातली बेताची माणसे

भोर आणि वेल्हे हा मुलूखच उंचीचा. वेल्ह्याच्या डोक्यावर उभा असलेला तोरणा १४०३ मीटरचा, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. पलीकडे राजगड, आणि भोरच्या अंगाला रोहिडा नि रायरेश्वराचे पठार. गंमत अशी, की या उंच मुलखातली आम्ही माणसे बहुतेक बेताच्या उंचीची. आणि याची आठवण पोराला लहानपणापासून कुणी ना कुणी करून देतच असते.

शाळेच्या प्रार्थनेत रांग उंचीप्रमाणे, म्हणून बुटका सर्वांत पुढे. फोटोत तो खाली मांडी घालून. एस.टी.त वरच्या दांडीला हात पुरत नाही, फळीवरचा डबा काढायला पाट लागतो. लग्नाच्या बोलण्यात तर मुलगा मुलीपेक्षा चार बोटे उंच हवा, हे न सांगता ठरलेलेच असते.

हे सारे हसण्यावारी नेता येईल. भरतीची मोजपट्टी मात्र तशी नेता येत नाही. पोलीस भरतीत पुरुषाला १६५ सेंटिमीटर उंची लागते. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मी कितीतरी मुले पाहिली, की जी धावण्यात पहिली येत आणि अर्ध्या सेंटिमीटरने घरी परतत. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबून माणूस सुमारे एक सेंटिमीटर कमी होतो. म्हणून मोजणी सकाळी असली, की मुलांना हायसे वाटते. सैन्याने मात्र प्रांताप्रमाणे अट वेगळी ठेवली आहे. गोरखा जवानाला ती कमी आहे. डोंगरातल्या माणसाची किंमत केवळ उंचीवर करता येत नाही, हे तिथे ओळखले गेले आहे.

मैदानाचा न्यायही असाच. पुरुषांच्या व्हॉलीबॉलची जाळी २.४३ मीटरवर, तिथे उंचाचेच राज्य. सहा फूट आठ इंचांच्या जोएल गार्नरचा चेंडू उसळे तो त्या उंचीमुळेच. पण पाच फूट पाच इंचांच्या सुनील गावसकरांनी १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा केल्या. ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणून ओळखल्या गेलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक आणले. खो-खोत तर झटकन उठणारा आणि वळणारा ठेंगणा खेळाडू उंचाला घाम फोडतो.

यामागे साधे गणित आहे. त्याच ठेवणीचा माणूस दहा टक्के उंच झाला, तर वजन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. स्नायूंची ताकद मात्र २१ टक्क्यांच्या आसपासच. चढणीवर हा फरक पायांना कळतो. हिरडस मावळ आणि गुंजण मावळातले मावळे गड सरसर चढत, ते याच हलक्या, काटक अंगावर. खुद्द शिवाजीमहाराजांची उंची मध्यम आणि बांधा ताठ असल्याचे, १६६४ साली सुरतेत असलेल्या एस्कालियट या इंग्रज धर्मगुरूने पत्रात लिहून ठेवले आहे.

याचा अर्थ उंचीकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. तिचा मोठा भाग आईबापांकडून येतो. पण जेवढी येणार तेवढी पुरती मिळते की नाही, हे गरोदर आईच्या ताटावर आणि मुलाच्या पहिल्या दोन वर्षांवर बरेचसे ठरते. वारंवारचे जुलाब आणि अर्धपोटी दिवस हाडांच्या वाढीतून वजा होतात. अंगणवाडीत बाळाची उंची मोजतात ती याचसाठी. पुढे सोळा ते अठराच्या सुमारास, मुलींत त्याहूनही आधी, हाडांची टोके जुळून येतात. मग पावडरीचे डबे आणा की दांडीला लोंबकळा, हाड वाढत नाही.

तेव्हा घरच्यांनी पैसे खर्चायचे ते लहानपणी; नाचणी, दूध, अंडी आणि कडधान्यांवर. आणि भरतीच्या वयाचा मुलगा दोन बोटे कमी पडला, तर त्याला टोमणे मारण्याऐवजी दुसऱ्या वाटा वेळेत दाखवाव्यात. अट बदलणे आपल्या हाती नाही, पण त्याला घरात ताठ मानेने वावरू देणे नक्कीच आहे.