मरहूमच्या गळ्यात मारलेली पॉलिसी : वारसांना पैसे परत मागता येतात

आपल्याकडे घरचा कर्ता माणूस गेला की चाळिसाव्यापर्यंत त्याच्या कागदांना कोणी हात लावीत नाही. त्यानंतर पेटी उघडली जाते आणि तिच्यात उधारीच्या चिठ्ठ्यांबरोबर एखादी विमा पॉलिसी निघते. ती कोणी व कधी घेतली, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

माझ्याकडून कापड नेणारे मालेगावचे एक यंत्रमागवाले भाई २०२३ साली अल्लाला प्यारे झाले. त्यांची बेवा पिशवीभर कागद घेऊन दुकानी आली. "भाईजान, बँकेत दीड लाखाची ठेव होती. आता बँकवाले म्हणतात, काही मिळणार नाही." कागद पाहिले तर ठेव नव्हतीच. २०२१ साली बँकेतल्या माणसाने पाच वर्षांची ठेव म्हणून दहा वर्षे दरसाल दीड लाख भरण्याची विमा पॉलिसी गळ्यात मारली होती. दुसऱ्या हप्त्याची नोटीस इंग्रजीत आली आणि सुताच्या बिलांत पडून राहिली. पॉलिसी बंद पडली. एकच हप्ता भरलेला, म्हणून विम्याची रक्कम नाही आणि मोडून मिळणारे पैसेही नाहीत.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की मृत्यूच्या तारखेला पॉलिसी चालू होती काय? चालू असेल तर फसवणुकीची तक्रार बाजूला ठेवून मृत्यूदावा करावा. विम्याची रक्कम बहुधा हप्त्यांपेक्षा मोठी असते. हप्ता परत मागणे म्हणजे पॉलिसीच नको म्हणणे आहे, दोन्ही एकदम मागता येत नाही. कर्जासोबत विमा चिकटवला असेल तर त्यातून कर्ज फिटते काय, ते आधी पाहावे. मी असे घर पाहिले आहे की विमा असताना मुलगा बापाच्या कर्जाचे हप्ते भरीत होता.

आजार लपवला म्हणून कंपनीने दावा नाकारला तरी हात झटकू देऊ नये. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत माहिती चुकीची दिल्याचे कारण काढून पॉलिसी रद्द केली, पण लबाडीचा आरोप नसेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत वारसाला किंवा नॉमिनीला परत द्यावे लागतात.

आमच्या भाईंची पॉलिसी बंद पडलेली, तेव्हा ती चुकीची सांगून विकली एवढाच मार्ग उरला. इथे माझीही चूक झाली. मी पहिला अर्ज बँकेला पाठवला आणि दोन महिने वाया गेले. अर्ज विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावा, सोबत मृत्यूचा दाखला जोडावा आणि मरहूमने सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची नक्कल मागावी. सारा मामला त्या फॉर्मातच असतो. भाई उर्दू चौथी शिकलेले, फॉर्मात पदवीधर. वार्षिक उत्पन्न बारा लाख लिहिलेले, एवढे तर त्यांचे चारही माग मिळून कमवीत नव्हते. सही उर्दूत होती. अशा सहीखाली मजकूर त्या माणसाच्या भाषेत समजावून सांगितल्याचा दाखला लागतो. दाखल्यावर विकणाऱ्याचीच सही होती आणि भाषेच्या रकान्यात लिहिले होते, 'इंग्रजी'.

कंपनीचे उत्तर ठराविक आले, की पॉलिसी मिळाल्यावर १५ दिवसांत परत का केली नाही? (२०२४ पासून ही मुदत ३० दिवसांची झाली आहे.) मग आम्ही विमा लोकपालाकडे गेलो. तिथे वारस आणि नॉमिनी दोघांनाही तक्रार करता येते. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे मामले घेतले जातात. नाशिक जिल्हा पुणे कार्यालयाकडे येतो. कंपनीने नकार दिल्यापासून, किंवा महिनाभर उत्तर न दिल्यास तो महिना संपल्यापासून, एक वर्षाच्या आत जावे लागते. तोच मामला कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू नसावा. आमच्याच मोहल्ल्यातले एक कुटुंब नकाराचे पत्र दोन वर्षे कपाटात ठेवून बसले, त्यांची तक्रार मुदतीबाहेर गेली.

सुनावणीत भाभींना एकच विचारले, मरहूम इंग्रजी वाचीत होते काय? हप्ता परत देण्याचा निवाडा झाला. व्याज मिळाले नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्याला मान्य नसल्यास ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. भाभींनी तो मान्य केला.

पैसे आले ते मरहूमच्या थोरल्या भावाच्या खात्यात, कारण नॉमिनी तो होता. नॉमिनी आई-बाप, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी नसेल तर तो फक्त घेणारा हात, मालक वारसच. रक्कम तरक्यात धरली. भावाने कुरकूर केली नाही, सगळीकडे असे होत नाही. आधी सूतवाल्याचे ४० हजारांचे देणे फेडले. उरलेल्या १ लाख १० हजारांत भाभींचा आठवा हिस्सा, १३ हजार ७५०, आणि बाकीचे मुलांमध्ये वाटले गेले.