काउंटरच्या टोकाला उभा माणूस

काकांचं मेडिकल औरंगाबादच्या गुलमंडीवर होतं. 1980 च्या आसपास शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. गिऱ्हाईक दोन जातीचं असतं, हे तिथेच कळलं. एक चिठ्ठी नाचवत येणारं, दुसरं काउंटरच्या टोकाला, ग्राइपवॉटरच्या बाटल्यांपाशी उगाच रेंगाळणारं. बायामाणसं गेली, दुकान रिकामं झालं की हे दुसरं पुढे सरकायचं. "काही ताकदीचं द्या." काका वर न बघता विचारायचे, "जेवण जातं का? झोप?" आणि बी-कॉम्प्लेक्सची बाटली ठेवायचे. ती बाटलीसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून मागितली जायची.

या मागणीचं शहराला नवल नव्हतं. निजामाच्या काळापासून हकीम होते. चरकाने चिकित्सास्थानातला दुसराच अध्याय वाजीकरणाला दिलाय, सुश्रुताने तर बोकडाचे वृषण दुधात शिजवायला सांगितलेत. हसायचं कारण नाही. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि अंगात पुन्हा तरुणपण आल्याचं सांगितलं. त्या पाणीदार अर्कात हार्मोन नावालाही नसणार. गुण आला तो मनाचा. खरं टेस्टोस्टेरॉन 1935 साली वेगळं काढलं गेलं, त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झालं.

काकांच्या दुकानात ते यायचं एकाच माणसासाठी. मास्तर होते, चाळिशीतले. पिट्युटरी ग्रंथीवरच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, त्यानंतर दाढी जवळपास थांबली, रक्त कमी झालं, जिना चढवेना. त्यांना दर तीन आठवड्यांनी सस्टॅनॉनचं इंजेक्शन. एक मिलीलीटरची ती काचेची कुपी मी हातात धरून पाहिलीय. 250 मिलिग्रॅम औषध, चार प्रकारच्या एस्टरांचं, म्हणजे कुणी लवकर विरघळणारं, कुणी सावकाश, आणि सगळं शेंगदाण्याच्या तेलात. थंडीत ते घट्ट व्हायचं. कंपाउंडर कुपी मुठीत धरून ऊब द्यायचा, जाड सुई लावायचा, दट्ट्या इतका हळू दाबायचा की मास्तर मध्येच पाढे म्हणत असल्यासारखे ओठ हलवायचे. मग ओट्याची पायरी लंगडत उतरायचे. दोनेक महिन्यांत त्यांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाऊ लागला. या औषधाची बाजू मी आजही घेतो ती मास्तरांमुळे. ज्याच्या शरीरात ते बनतच नाही, त्याला ते द्यायलाच हवं.

टोकाला उभा राहणारा मात्र मास्तर नव्हता. त्याचं सगळं बनत होतं, थोडं कमी इतकंच. चाळिशीनंतर वर्षाला साधारण एखाद टक्का उतार हा ठरलेलाच.

नव्वदच्या दशकात त्या माणसाला आपल्याच गावाने नाव घ्यायला एक शब्द दिला. चिकलठाणा आणि पैठणला कारखाने असलेल्या अजंता फार्माचं ताकदीचं औषध, 'थर्टी प्लस'. 1954 च्या कायद्याने लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला बंदी आहे (रेल्वेरुळालगतच्या भिंतींना हे अजून कळलेलं नाही). इथे नावातच वय होतं, आणि वयाला कोण बंदी घालणार? गिऱ्हाईक मोठ्याने मागू लागलं, हा बदल मी डोळ्यांनी पाहिला. 2011 मध्ये हा ब्रँड डाबरने घेतला. मधल्या काळात, 1998 साली, अमेरिकेत निळी गोळी आली आणि दोन-तीन वर्षांत भारतीय कंपन्यांच्या गोळ्याही. त्यातली अजंताची 'कामाग्रा' तर थेट विलायतेत गाजली. ही गोळी रक्तपुरवठ्यावर चालते, हार्मोनशी तिचा संबंध नाही. पण टोकाच्या माणसाला हा फरक कधी पटला नाही. त्याच्या लेखी उस्मानपुऱ्यातल्या तारा पानवाल्यांचं पाच हजारांचं 'कोहिनूर' पानही त्याच यादीतलं.

गेल्या पंधरा वर्षांत मागणीची भाषा बदलली. आता टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट हातात असतो. दुकानात जेलही आहे, हजार मिलिग्रॅमचं डेपो इंजेक्शनही. अमेरिकेत तर थकव्यालाच आजाराचं नाव मिळालं आणि विक्री इतकी वाढली की 2015 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला बजावावं लागलं: नुसत्या वयासाठी हे नाही. 2016 साली 65 वर्षांवरच्या 790 पुरुषांवरचा अभ्यास आला. वर्षभर जेल लावून इच्छा थोडी वाढली, थकव्यात मात्र म्हणावा तसा फरक नाही. म्हणजे ज्यासाठी लोक येतात तेच नाही. 2023 च्या पाच हजारांवर पुरुषांच्या चाचणीने हृदयविकाराच्या झटक्याची भीती बरीच कमी केली. पण ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं, आणि पुढच्या वर्षी त्याच चाचणीतून हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. शिवाय बाहेरून हार्मोन मिळालं की शुक्राणू बनणं मंदावतं, थांबतंही. मूल हवं असलेल्या तिशीतल्या पोराला जिमवाला हे सांगत नाही. आणि ज्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी निघतं, त्यांतल्या पुष्कळांचं मूळ सुटलेल्या पोटात आणि मधुमेहात असतं.

काका गेले. गल्ल्यावर आता चुलतभाऊ बसतो, शेजारीच त्याचं रक्ततपासणीचं कलेक्शन सेंटर. परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा पन्नाशीचा एक गृहस्थ टोकालाच उभा होता. आता ग्राइपवॉटरच्या जागी प्रोटीनचे डबे आहेत. "टेस्टोस्टेरॉनचं करायचंय. आत्ता घेता का रक्त?"

"आत्ता नाही हो, सकाळी आठला या, उपाशीपोटी. कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत करू. आणि साहेब, सोबत शुगरही करून टाकू?"

गृहस्थ दचकले. बाहेर स्कूटरपाशी थांबलेल्या बायकोकडे पाहत हळूच म्हणाले, "शुगर नको. ते घरी कळलं तर चहातली साखर बंद होईल."

भावाने चिठ्ठीवर दोन्ही लिहिलं.