हातोडा आणि आराखडा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. तो एका कारखान्यांत फिटर आहे. आठ वर्षें त्यानें यंत्रें उघडलीं, जोडलीं, दुरुस्त केलीं. परंतु मनांत एक शल्य घेऊन तो आला होता. तो म्हणाला, "सर, यंत्र अडलें म्हणजे इंजिनियरसाहेब मलाच बोलावतात, पण त्यांच्या सभेंत मला जागा नाहीं. कारागिरास त्या मंडळींत कधींच जातां येत नाहीं काय?" हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं. आपल्या शाळेंतील कित्येक मुलांचा व त्यांच्या आईबापांचाही तो आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें जरा विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंजिनियरांची जगांतील पहिली मोठी संस्था लंडन शहरांत १८१८ सालीं स्थापन झाली. कांहीं तरुण एका कॉफीगृहांत जमले व त्यांनीं 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स' या संस्थेचा पाया घातला. त्या काळीं इंग्लंडांत या विद्येचें कॉलेज नव्हतें. जो तो अनुभवी माणसाच्या हाताखालीं राहून शिके. संस्थापकांपैकीं हेन्री पामर या तरुणानें त्या वेळीं एक मार्मिक विचार मांडला. त्याचा आशय असा कीं, इंजिनियर हा शास्त्रज्ञ आणि कारागीर यांच्यामधील दुभाष्या होय. आणि दुभाष्यास दोहोंची भाषा आली पाहिजे. आमच्या मतें सर्व प्रश्नाची किल्ली या एका विचारांत आहे.

या संस्थेचें अध्यक्षपद १८२० सालीं कोणास मिळालें? ज्याचें सारें शिक्षण गांवच्या शाळेंत झालें होतें, अशा एका गवंड्यास! त्याचें नांव टॉमस टेलफर्ड. स्कॉटलंडांतील एस्कडेल खोऱ्यांत १७५७ सालीं एका मेंढपाळाच्या घरीं त्याचा जन्म झाला. तो तान्हा असतांनाच वडील वारले. पुढें पाथरवटाचें काम शिकल्यावर त्यानें वडिलांच्या थडग्यावरील शिळा स्वतःच्या हातानें कोरिली. उमेदवारीच्या दिवसांत एका सुशील बाईनें त्यास पुस्तकें वाचावयास दिलीं आणि वाचनाची जी गोडी लागली ती जन्मभर सुटली नाहीं. १७८२ सालीं तो लंडनला आला व सॉमरसेट हाउस या इमारतीवर दगड घडूं लागला. पुढें पोर्टस्मथच्या गोदींत बांधकामावर देखरेख करीत असतां, चुना व बांधकामाचे इतर पदार्थ नीट समजावे म्हणून त्यानें रसायनशास्त्राचा अभ्यास आरंभिला. दगड तर त्यास हातानें कळत होता. तो कां टिकतो व चुना कां धरतो, हेंही त्यास कळावयास हवें होतें.

या दुहेरी ज्ञानाचें फळ आजही पाहावयास मिळतें. वेल्समध्यें डी नदीच्या खोऱ्यावरून सुमारें १२६ फूट उंचीवर लोखंडी पन्हळांतून कालवा नेणारा त्याचा पूल १८०५ सालीं पुरा झाला. मेनाय सामुद्रधुनीवर त्यानें बांधलेला झुलता पूल १८२६ सालीं खुला झाला. त्याच्या मधल्या गाळ्याची लांबी ५७९ फूट आहे. अशा पुलांचा विचार करितांना लोखंड किती ताण सोसतें हें त्यानें सळया ताणून आधीं पाहिलें होतें. अध्यक्ष झाल्यावर सभांतील चर्चा लिहून ठेवण्याचा प्रघात त्यानें पाडला, आणि आपली पुस्तकें संस्थेस दिलीं. १८३४ सालीं तो वारला तेव्हां त्याचा देह वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें ठेवण्यांत आला.

टेलफर्ड हा अपवाद होता, असें कोणी म्हणेल. तर आणखी पाहा. १८२८ सालीं या संस्थेस राजसनद मिळाली. त्या वेळीं इंजिनियरिंग म्हणजे काय याची व्याख्या हवी होती. निसर्गांतील महान् शक्तींस मनुष्याच्या उपयोगाकडे व सोयीकडे वळविण्याची कला, या आशयाची ती प्रसिद्ध व्याख्या टॉमस ट्रेडगोल्ड यानें केली. आणि हा ट्रेडगोल्ड मूळचा सुतारकामाचा उमेदवार! पुढें १८४७ सालीं बर्मिंगहॅम येथें यांत्रिक इंजिनियरांची संस्था निघाली. तिचा पहिला अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन. याचे वडील कोळशाच्या खाणीवर इंजिनाची भट्टी पेटवीत. त्यास स्वतःला अठराव्या वर्षापर्यंत लिहितां-वाचतां येत नव्हतें. दिवसभर खाणीवर राबून तो रात्रीच्या शाळेंत अक्षरें गिरवूं लागला.

गवंडी, सुतार, खाणकामगार. तिघांचेही हात आधीं तयार झाले होते. परंतु केवळ हातांच्या बळावर त्यांस तें स्थान मिळालें नाहीं, हेंही तितकेंच खरें. तिघांनींही दुसरी भाषा, म्हणजे गणिताची, शास्त्राची व लेखनाची भाषा, कष्टानें आत्मसात केली.

आतां काळ बदलला आहे. अशा संस्था आज प्रवेशापूर्वीं सामान्यतः तीन गोष्टी पाहतात: शास्त्राचें शिक्षण, जबाबदारीनें केलेलें काम, आणि त्या कामाविषयीं जाणत्यांची साक्ष. आपल्या देशांत इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स ही संस्था १९२० सालीं कलकत्त्यास स्थापन झाली व १९३५ सालीं तिला राजसनद मिळाली. नोकरी करीत असलेल्या अनेकांनीं तिची ए. एम. आय. ई. ही परीक्षा देऊन आपला मार्ग काढला. मात्र ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनीं नांव नोंदविलें, त्यांच्यापुरतीच ही परीक्षा सरकारनें पदवीच्या बरोबरीची मानिली. म्हणून आज कोणीही फी भरण्यापूर्वीं नीट चौकशी करावी. महाराष्ट्रांत दुसरा मार्ग आहे. आय. टी. आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास नियमांप्रमाणें पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत, आणि पदविका झालेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. मार्ग लांबचा आहे, पण बंद नाहीं.

आमच्या फिटर विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व सांगितलें, आणि एक वही आणावयास लाविली. रोज कोणतें यंत्र बिघडलें, कां बिघडलें, काय केलें व पुढें काय झालें, हें तींत लिहावें. शेजारीं आकृति काढावी. आणि जें कां कळलें नाहीं, त्यापुढें खूण करावी. जेथें खूण, तेथें अभ्यास. त्याच्या कामाची साक्ष देणारास ही वही उद्यां उपयोगीं पडेल.

निघतांना तो हंसून म्हणाला, "सर, सातवींत त्रैराशिक चुकलें तेव्हां आपणच मला म्हणालां होतां, 'तूं हातोडाच धर.'" आम्हांस आठवलें, आणि आम्ही ओशाळलों. हातोडा ही शिक्षा आहे असें त्या दिवशीं आम्हीं साऱ्या वर्गास शिकविलें होतें. तें शिकविणें चुकीचें होतें.

पालकांस आमची विनंति इतकीच आहे. मुलानें हातांत हत्यार घेतलें म्हणून त्याचें शिक्षण संपलें असें समजूं नये. आणि पुस्तक हातीं आहे म्हणून हत्याराची लाज त्याच्या मनांत भरूं नये. ज्यास दोन्ही भाषा येतात, असाच दुभाष्या जगास हवा आहे.

तो विद्यार्थी दिवाळींत पुन्हां आला होता. वहीचीं चाळीस पानें भरलीं होतीं, आणि खुणा पुष्कळ होत्या. गणिताचें पुस्तक त्यानें मागून नेलें.