फजितीचे दप्तर

आत्मचरित्र लिहावयास बसलेल्या मनुष्याने आपल्या आयुष्यातील तीन प्रकरणांविषयी वाचकाला खरे सांगितले, तर इतर प्रकरणांत त्याने पदरचे थोडेफार घातले तरी ते क्षम्य समजावे, असे माझे मत आहे. ती प्रकरणे म्हणजे पोटासाठी केलेली चाकरी, प्रेमापायी अथवा लग्नापायी केलेल्या उठाठेवी आणि हाती येता येता निसटलेले यश. दुर्दैवाने आपल्याकडील थोर पुरुषांची आत्मवृत्ते बहुधा लोकशिक्षणाच्या हेतूने लिहिली गेल्यामुळे, ज्या प्रसंगी लेखकाची पुरती फजिती झाली तो प्रसंगही तेथे चारित्र्याच्या जडणघडणीचे एक सोपान म्हणून गंभीर मुद्रेने उभा राहतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १९१५ सालचे ‘आत्मवृत्त’ प्रांजळपणात अद्वितीय आहे. मुरूडहून डोंगरवाटा तुडवीत साताऱ्यापर्यंत पायी गेलेल्या मुलाला, तो वयाने लहान दिसतो एवढ्याच सबबीवर परीक्षकांनी परीक्षेला बसू दिले नाही, ही त्यांच्या आयुष्यातील हकीकत सर्वश्रुत आहे. विनोदी लेखकाच्या हाती हा प्रसंग पडता तर त्याने त्या परीक्षकाच्या चष्म्यापासून सुरुवात केली असती. कर्व्यांनी मात्र तो हिशेबनिसाच्या शांतपणाने नोंदवून पुढचे पान उलटले.

तथापि चाकरी आणि अपयश यांची एक विलक्षण कहाणी मराठीत त्याच्याही आधी लिहिली गेली होती, आणि ती लिहिणारा पुरुष थोर वगैरे मुळीच नव्हता. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरावरचे कर्ज फिटावे म्हणून बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने त्यांनी उत्तरेची वाट धरली, ती नेमकी १८५७ साली. मनुष्याने परगावी कमाईला निघण्याचा याहून वाईट मुहूर्त पंचांगात शोधूनही सापडला नसता. बंडाच्या धामधुमीत सापडलेले हे भटजी झाशीच्या वेढ्यातही होते. मिळालेले द्रव्य लुटीत गेले, जीव मात्र वाचला, आणि अखेर आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. ही सगळी हकीकत त्यांनी १८८३ साली लिहून काढली आणि चिंतामणराव वैद्य यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापून प्रसिद्ध केली. गोडसे भटजींनी हसविण्यासाठी एक अक्षरही लिहिलेले नाही, आणि झाशीच्या कत्तलीची पाने वाचताना हसू येण्याचे कारणही नाही. परंतु राज्ये बुडत असताना दक्षिणेचा, जेवणाचा आणि स्नानसंध्येचा तपशील तितक्याच कळकळीने सांगणारा हा निवेदक पाहिला, म्हणजे पुढे मराठी विनोदाने ज्या सामान्य मनुष्याला बोलते केले त्याचा हा पूर्वजच वाटतो.

हेतुपुरस्सर विनोद मराठी गद्यात आला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांबरोबर. वऱ्हाडात वकिली करणाऱ्या या गृहस्थाने आपला पहिला विनोदी लेख लिहिला तो ‘साक्षीदार’ या विषयावर, १९०२ साली, ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात. कोर्टाच्या आवारात ज्याने जबान्या, उलटतपासण्या आणि पढविलेले साक्षीपुरावे रोज पाहिले, त्याला विनोदाची सामग्री शोधीत लांब जाण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु कोल्हटकरांनी एक खबरदारी घेतली, आणि तीच पुढे परंपरा झाली. जे हास्यास्पद सांगावयाचे ते त्यांनी स्वतःच्या नावावर न घेता ‘सुदामा’ नावाच्या एका निवेदकाच्या तोंडी घातले, आणि बंडूनाना व पांडूतात्या हे दोन सोबती त्याच्या दिमतीला दिले. याचे कारण समजण्यासारखे आहे. एकत्र कुटुंब, जात, सासुरवाड आणि वरिष्ठ अधिकारी हे सर्व हयात असताना व छापलेले वाचीत असताना, स्वतःच्या फजितीची कबुली देणे म्हणजे त्या सर्वांवर एकाच वेळी फिर्याद गुदरणे होते. तेव्हा मराठी विनोदकाराने आपल्या जागी एक बदली मनुष्य कोर्टात उभा केला आणि स्वतः वकिलाच्या खुर्चीत जाऊन बसला.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी तर ही बदलीची युक्ती पराकोटीला नेली. प्रेमाची आर्तता, विरह आणि निराशा ही त्यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने कवितेच्या हवाली केली आणि लग्न हा विषय ‘बाळकराम’ या नावाने विनोदाकडे सोपविला. एकाच मनुष्याच्या दोन टोपणनावांत प्रेम व लग्न यांची अशी कायदेशीर वाटणी झालेली अन्यत्र क्वचितच आढळेल. ठकी नावाच्या उपवर मुलीच्या लग्नासाठी बाळकराम जी मोहीम उघडतो, तीत स्थळे, हुंडे, पत्रिका, मध्यस्थ आणि नकार यांचा सारा सरंजाम एखाद्या स्वारीसारखा निघतो. १९१९ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गडकरी गेले, आणि हे लेख ‘संपूर्ण बाळकराम’ या नावाने १९२५ साली एकत्र झाले. आज ते वाचताना एक गोष्ट खटकते ती सांगितलीच पाहिजे. ठकीच्या रूपावरील कोट्या आता हसवीत नाहीत. ज्या विवाहबाजारावर बाळकरामाने आसूड ओढला, त्याच्याच भाषेत तो कधीकधी बोलू लागतो. पण ज्या काळात मुलीच्या बापाची दैना हा केवळ रडण्याचा विषय होता, त्या काळात ती हसण्याच्या कक्षेत आणणे हे धाडसच होते.

नोकरी या प्रकरणाला खरा न्याय मिळाला तो चिंतामण विनायक जोशी यांच्या हातून. चिं. वि. हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे पंडित. बडोद्याच्या महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि बडोदे संस्थानच्या दप्तराची जोखीमही सांभाळली. ज्याचा अर्धा दिवस जातककथांत आणि उरलेला जुन्या सनदा, याद्या, खलिते व हुकूम यांच्या रुमालांत जात असे, त्याला मनुष्यप्राण्याच्या वल्गना आणि त्यांचा कागदोपत्री शेवट ही दोन्ही टोके एकदमच दिसत असली पाहिजेत, असा माझा तर्क आहे. त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा: ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२), ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ (१९३३), ‘वायफळाचा मळा’. पुस्तक विकत घेण्यापूर्वीच लेखक ग्राहकाला सावध करतो.

चिमणराव हा पुण्याचा मध्यमवर्गीय पांढरपेशा गृहस्थ. त्याची शरीरयष्टी बेताची, पगार बेताचा आणि महत्त्वाकांक्षा मात्र बेताबाहेरची. शेजारी दणकट, सोटेवाला, कोणत्याही प्रश्नाचा निकाल तडकाफडकी लावणारा गुंड्याभाऊ आणि घरात बायको कावेरी. या त्रिकुटाने कोणतेही कार्य हाती घ्यावे आणि ते विपरीत फळास जावे, हा जवळजवळ सृष्टिनियमच होऊन बसतो. येथे चिं. विं.चे मोठेपण असे की चिमणराव स्वतःला कधीही हास्यास्पद समजत नाही. तो आपली कैफियत अत्यंत सरळपणे मांडतो. आपण शहाणपणानेच वागलो होतो, परिस्थिती मात्र आयत्या वेळी फितूर झाली, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. कचेरीतील वरिष्ठाची मर्जी, रजेचा अर्ज, बढतीची आशा आणि महिनाअखेरची तंगी हे विषय याआधी कोणाला लेखनयोग्य वाटले नव्हते असे नाही. पण त्यांना आत्मचरित्राचा सूर दिला तो चिं. विं.नी. कावेरीशी चिमणरावाचा जो संसार आहे त्यात प्रेमाचा उच्चार फारसा नाही, आणि तरीही ते प्रेमच आहे, हे वाचकाला न सांगता कळते. १९४२ साली मास्टर विनायकांनी ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांकडून चिमणराव उभा करून घेतला, आणि सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघर पोचविली. पुस्तके न वाचलेल्या पिढीलाही गुंड्याभाऊ ओळखीचा आहे तो यामुळे.

आचार्य अत्रे यांचा प्रकार अगदी निराळा. स्वतःची कहाणी सांगण्यासाठी त्यांना बदली मनुष्याची गरज पडली नाही. साऱ्या महाराष्ट्रापुढे स्वतःच उभे राहण्याची त्यांना हौस होती. ‘झेंडूची फुले’ (१९२५) मध्ये त्यांनी तत्कालीन प्रेमकवींची जी यथेच्छ रेवडी उडविली, तिने मराठी प्रेमकवितेला काही काळ तरी आरशात पाहावयास लावले. पुढे ‘मी कसा झालो’ (१९५३) आणि ‘कऱ्हेचे पाणी’चे पाच खंड यांतून त्यांनी शिक्षक, नाटककार, वक्ता, पत्रकार, चित्रपटनिर्माता अशा आपल्या नाना अवतारांची हकीकत सांगितली. ती रसाळ आहे, दिलदार आहे, आणि तीत आपत्तींची वाण नाही. परंतु अत्र्यांच्या ग्रंथात अपयश येते ते पहिल्या अंकात. शेवटच्या अंकात टाळ्या पडणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे विसरून त्या चित्रपटापूर्वीच्या अडचणी वाचणे कोणाला शक्य आहे? अत्र्यांचा विनोद जेत्याचा विनोद आहे, म्हणून तो या लेखाच्या कक्षेच्या सीमेवरच राहतो.

सीमेच्या आत, अगदी मध्यभागी, पु. ल. देशपांडे यांचे ‘असा मी असामी’ (१९६४) आहे. धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी ऊर्फ बेंबट्या या गिरगावातील कारकुनाचे हे कल्पित आत्मचरित्र. विक्रम, पराक्रम, देशसेवा यांपैकी काहीही ज्याच्या नावावर नाही अशा मनुष्याने आत्मचरित्र लिहावे, ही कल्पनाच सर्व थोर आत्मवृत्तांवरचे भाष्य आहे. धोतर जाऊन पाटलोण येते, चाळ जाऊन ब्लॉक येतो, मुले इंग्रजी शाळेत जातात, आणि या सर्व सुधारणा बेंबट्याच्या अंगावर त्याच्या संमतीवाचून चढत जातात. पु. ल. पुढे हे एकपात्री प्रयोगरूपाने सादर करीत, तेव्हा सभागृहात बसलेले शेकडो कारकून स्वतःच्याच आयुष्याला हसत असत. नोकरी, लग्न आणि अपयश यांची इतकी निर्विष उलटतपासणी मराठीत दुसरी नाही. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही: बेंबट्या हा पुन्हा बदली मनुष्यच. पु. लं.नी स्वतःचे आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या घरातली हकीकत त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकात लिहिली, आणि तीत हसण्याला फार थोडा अवसर होता.

येथे मला वाचकाला अर्धशतक मागे नेणे भाग आहे, कारण दुसऱ्या एका प्रसिद्ध लेखकाच्या पत्नीने हेच काम त्यापूर्वी हसतमुखाने केले होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. अखेरचा भाग बाईंच्या मृत्यूनंतर आला. लग्न झाले तेव्हा, १८८० साली, लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. वाचणे-लिहिणे शिकल्या त्या लग्नानंतर. पती नारायण वामन टिळक कवी, विद्वान, तापट, उदार आणि व्यवहाराच्या बाबतीत सर्वथा अविश्वसनीय. हा मनुष्य नोकऱ्या धरी आणि सोडी, नागपूर, राजनांदगाव असे मुक्काम बदली, रागाच्या भरात न सांगता घरातून निघून जाई, आणि हातातला पैसा भेटेल त्या गरजूला देऊन मोकळ्या हातांनी घरी येई. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या बापाच्या घरात वाढलेली ही ब्राह्मण स्त्री लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाला राहिली. काही वर्षांनी ती नवऱ्याकडे गेली ती प्रथम स्वतःची चूल आणि स्वतःचे सोवळे घेऊनच. पुढे विचाराअंती तिने ते टाकले आणि तीही ख्रिस्ती झाली.

याहून शोकात्म कथानक कोणत्या कादंबरीकाराने रचले असते? आणि तरीही या पुस्तकाचे पान उलटताना हसू आवरत नाही. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याची बाजू मांडलेली नाही आणि त्याच्यावर आरोपपत्रही ठेवलेले नाही. भांडण कसे सुरू झाले, त्यात कोण काय बोलले, आपण कुठे हट्ट केला आणि शेवटी दोघेही कसे हसू लागले, हे त्या जसेच्या तसे सांगतात. वडिलांच्या सोवळ्याने घराचा झालेला छळ त्या सांगतात तेव्हा त्यात चीड आहे, पण तो धुण्यापुसण्याचा सोहळा किती हास्यास्पद होता हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आपल्या अज्ञानाला त्या हसतात; पण ते हसणे नम्रतेच्या प्रदर्शनासाठी नाही, कारण त्याच अज्ञानाच्या बळावर त्यांनी शहाण्यांना अनेकदा निरुत्तर केल्याचेही त्या तितक्याच सहजतेने नोंदवितात. अत्र्यांचा अपवाद सोडता कोल्हटकरांपासून पु. लं.पर्यंत प्रत्येकाने ज्यासाठी खोटे नाव घेतले, ते या बाईंनी स्वतःच्या, नवऱ्याच्या आणि सासर-माहेरच्या खऱ्या नावांनिशी केले. शिवाय टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच पुरे केले. १९५० साली ई. जोसेफीन इंक्स्टर यांनी ‘स्मृतिचित्रे’ इंग्रजीत नेली.

माझ्या मते मराठीतील विनोदी आठवणींचा सर्वोत्तम ग्रंथ हाच होय, आणि त्याच्या पंक्तीला बसेल असे दुसरे पुस्तक खऱ्या नावांनी लिहिले गेलेले मला दिसत नाही. जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) आपल्या कोकणी गावातील अवलियांना जिवंत करते, पण तेथेही लेखक स्वतः बराचसा आडोशाला उभा आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून आपल्या वार्षिकांनी विनोदी कथेला मानाचे पान दिले, ‘आवाज’ आणि ‘मोहिनी’ यांनी तर तिच्यावर पिढ्या पोसल्या. खऱ्या फजितीला मात्र त्या पानावर जागा क्वचितच मिळाली. ज्यांनी जिल्हा कचेरीत, बँकेत, गिरणीत, पोस्टात किंवा शाळेत आयुष्य काढले, ज्यांची बढती कागदावर झाली आणि कागदावरच राहिली, ज्यांनी एकदा प्रेमपत्र लिहिले आणि ते भलत्याच्या हाती पडले, त्यांनी आता निवृत्तिवेतनाच्या काळात चिमणराव किंवा बेंबट्या यांची वाट न पाहता आपल्या स्वतःच्या नावाने लिहावे. प्रारंभ कसा करावा हे समजत नसेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या पुस्तकातील धड्यावर समाधान न मानता ‘स्मृतिचित्रे’चे चारही भाग अनुक्रमाने वाचून काढावेत.