वाम माशाच्या पोटातील साक्षीदार

तुम्ही आजारी पडलात तर डॉक्टर तुमची नाडी पाहतात, जीभ पाहतात, वजन करतात आणि जरूर पडल्यास रक्त तपासतात. परंतु नदीतल्या माशाची प्रकृती कोणी आणि कशी तपासायची? मासा दवाखान्यात येत नाही, आणि कोठे दुखते तेही सांगत नाही. तरीही शास्त्रज्ञ ही तपासणी करतात. एवढेच नव्हे, तर मासा काय खाऊन जगला आणि त्याचे पाणी कसे आहे, याचाही अंदाज ते त्याच्या शरीरावरून बांधतात. या कामी त्यांना मदत करणारा एक साक्षीदार मोठा विचित्र आहे. तो माशाच्या आतड्यात राहतो!

दोन शहरे, दोन नद्या

नांदेड गोदावरीच्या काठी वसले आहे. लातूर जिल्ह्याची मुख्य नदी मांजरा. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी लातूर जिल्ह्यातून पुढे कर्नाटक व तेलंगणात शिरते, मोठे वळण घेऊन उत्तरेकडे वळते आणि महाराष्ट्र-तेलंगण सीमेवर कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. म्हणजे लातूरकडचे पाणी आणि नांदेडकडचे पाणी शेवटी एकच होते.

या पाण्यात मरळ, शिंगटी, मांगूर, कोळस आणि वाम असे कितीतरी मासे राहतात. दख्खनच्या माशांचा शास्त्रीय अभ्यास कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८४० च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्याने माशांना लॅटिन नावे देताना काही ठिकाणी इथल्या लोकांच्या तोंडचेच शब्द घेतले. म्हणून कोळस माशाच्या शास्त्रीय नावात आजही ‘कोलस’ आणि शिंगटीच्या नावात ‘सींगटी’ हा शब्द आहे. आपल्या भोई बांधवांनी ठेवलेली नावे अशी जगभरच्या ग्रंथांत गेली!

आपल्याला आज पाहायचा आहे तो वाम. हा सापासारखा लांबट, टोकदार तोंडाचा मासा दिवसा वाळूत आणि दगडांच्या कपारीत दडून राहतो. रात्री तो बाहेर पडतो आणि किड्यांच्या अळ्या, कृमी व लहान मासे खातो. त्याच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, म्हणून त्याला धरताना सावध राहावे लागते.

मासा धष्टपुष्ट आहे का?

माशाच्या तपासणीची सुरुवात अगदी साध्या साधनांनी होते : एक मोजपट्टी आणि एक तराजू. माशाचे वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला १०० ने गुणा आणि सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागा. येणाऱ्या संख्येला ‘स्थिती-गुणांक’ म्हणता येईल.

समजा, एकाच जातीचे दोन मासे आहेत. दोघांचीही लांबी ३० सें.मी. आहे. तीसचा घन २७,०००. पहिल्याचे वजन २७० ग्रॅम असेल तर गुणांक १ येतो. दुसऱ्याचे वजन २१६ ग्रॅम असेल तर तो ०.८ येतो. दुसरा मासा हडकलेला आहे, हे आकड्यांवरूनच कळले. मात्र वामची तुलना वामशीच करावी, रोहूशी नव्हे. लांबट वाम आणि गोल अंगाचा रोहू यांचे गुणांक मुळातच वेगळे असणार.

यानंतर कल्ले पाहतात. निरोगी ताज्या माशाचे कल्ले लालभडक असतात. अंगावर व्रण आहेत का, खवले गळले आहेत का, हेही नोंदवतात. १९८८ मध्ये ईशान्य भारतात माशांच्या अंगावर मोठे व्रण पाडणारी एक साथ आली आणि पुढे ती देशाच्या अनेक भागांत पसरली. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळे होणाऱ्या या रोगाने मरळ माशाचे फार नुकसान केले. असा रोग वेळीच ओळखायचा तर निरोगी मासा कसा दिसतो, याची नोंद आधीपासून हवी.

आतड्यातील पाहुणा

आता साक्षीदाराकडे वळू. वाम माशाचे आतडे उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात कधीकधी पांढरट, चपट्या फितीसारखे कृमी सापडतात. हे पट्टकृमी होत. यांतील एका वंशाचे नाव ‘सेंगा’. त्याच्या डोक्यावर पकड घेण्यासाठी दोन खाचा असतात आणि आकड्यांचे वलय असते. या आकड्यांनी तो आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो. त्याला स्वतःचे तोंड नाही की पचनसंस्था नाही. पोशिंद्याने पचवलेले अन्न तो आपल्या त्वचेतूनच शोषून घेतो.

माशांतील अशा कृमींच्या अभ्यासात मराठवाड्याने चांगली कामगिरी केली आहे. त्यावेळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ शिंदे व जाधव यांनी १९८० मध्ये वाम माशातील सेंगाच्या एका नव्या जातीचे वर्णन केले. तिच्या नावात त्यांनी आपल्या नदीचेच नाव गुंफले, गोदावरी!

हा कृमी माशात शिरतो कसा? त्याची अंडी माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. त्यांतून केसाळ, पोहणारी सूक्ष्म अळी बाहेर येते. तिला सायक्लॉप्ससारखा पिसवाएवढा जलचर गिळतो. सायक्लॉप्स हे नाव तुमच्या आजी-आजोबांना ठाऊक असेल. पायविहिरीच्या पाण्यातून होणारा नारू याच प्राण्यामार्फत माणसात शिरत असे. (भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले.) सायक्लॉप्सला लहान मासा खातो, लहान माशाला मोठा खातो, आणि कृमी आपल्या घरी पोहोचतो.

म्हणजे वामच्या आतड्यात सेंगा सापडला, तर त्यावरून एक पूर्ण साखळी सिद्ध होते : पाण्यात सायक्लॉप्स आहेत, त्यांना खाणारे जीव आहेत, आणि त्यांना खाणारा वामही आहे. साखळीतील एक कडी तुटली की कृमी नाहीसा होतो. म्हणून रानटी माशात थोडे परजीवी असणे हे नेहमीच वाईट लक्षण नसते. उलट जेथे पूर्वी ते सापडत आणि आता मुळीच सापडत नाहीत, तेथे नदीत काहीतरी बिघडले असण्याची शंका घ्यावी लागते. परजीवी फार वाढले आणि मासे हडकले, तर तोही धोक्याचा इशारा. मासा नीट शिजवला की हे कृमी मरतात, तेव्हा खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

टूनाने शिकवलेली युक्ती

परजीवींचा आणखी एक उपयोग समुद्रावरच्या शास्त्रज्ञांनी करून दाखवला. टूना हा महासागरात हजारो किलोमीटर भटकणारा मासा. कोकणात त्याच्या एका जातीला कुपा म्हणतात. एवढ्या मोठ्या समुद्रात कोणता टूना कोठून आला, हे कसे ओळखावे? १९८० नंतरच्या काही वर्षांत न्यूझीलंडजवळ पकडलेल्या स्किपजॅक टूनांच्या शरीरात शास्त्रज्ञांना उष्ण कटिबंधातील परजीवी आढळले. त्यावरून हे मासे उत्तरेच्या उबदार पाण्यातून आले असावेत, असे अनुमान निघाले. परजीवी म्हणजे जणू माशाच्या सामानावर चिकटलेली रेल्वेची चिठ्ठीच!

आता हीच युक्ती आपल्याकडे लावून पाहा. लातूरचा वाम आणि नांदेडचा वाम यांचे येणे-जाणे आहे का? नकाशात नद्या जोडलेल्या दिसतात. परंतु मांजरेच्या वाटेत १९३१ साली पुरा झालेला निजामसागर उभा आहे, आणि त्याच्या वरच्या बाजूलाही धरणे आहेत. दोन्हीकडच्या वाम माशांतील कृमींची तुलना केली आणि त्यांत ठळक फरक आढळला, तर दोन्हींचे संसार वेगळे झाले आहेत असे मानायला आधार मिळेल.

वाट अडली की काय होते?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. पावसाळ्याचे पहिले पूर आले की अनेक मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. रोहू, कटला यांची अंडी वाहत्या पाण्याबरोबर पुढे जात जात उबतात. गोदावरीवर पैठणला जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. नांदेडजवळ विष्णुपुरी प्रकल्प आहे आणि धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. या बांधकामांमुळे शेतीला व शहरांना पाणी मिळते, हे खरेच. परंतु माशाच्या दृष्टीने ती भिंतच असते. शिलन नावाचा मोठा मासा दक्षिणेतील गोदावरी-कृष्णेसारख्या नद्यांत राहतो. तो आज संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे.

बाभळीची गोष्ट येथे मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलेल्या निकालानुसार या बंधाऱ्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. हा निर्णय दोन राज्यांतील पाण्याच्या वाटणीसाठी झाला. पण हेच महिने माशांच्या विणीचेही आहेत! वेळापत्रक ठरवताना माशांचाही विचार केला, तर पाणी आणि मासे या दोहोंची सोय पाहता येईल, हे यावरून सुचते.

उन्हाळ्यात दुसरे संकट येते. प्रवाह थांबतो आणि मासे डोहांत अडकतात. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशाला सुमारे साडेसातच. त्यात सांडपाणी मिसळले की ते कुजवणारे जंतू उरलेला ऑक्सिजन संपवतात. रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. मरळ व मांगूर हवेतून श्वास घेऊन तग धरतात. रोहू मात्र तडफडतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे तुम्ही ऐकले असेल. मांजरा धरण आटले की माणसांचे हाल होतात. तसेच त्यातील माशांची आणि त्यांवर जगणाऱ्या मासेमाराची मिळकतही जाते.

तुम्ही काय कराल?

आपल्या शिक्षकांबरोबर मासळी बाजारात जा. आलेल्या माशांची तिथली नावे विचारा. परवानगी घेऊन लांबी व वजन मोजा, कल्ल्यांचा रंग पाहा, आणि मासा नदीतला की तळ्यात सोडलेल्या बीजाचा, हे विक्रेत्याला विचारून घ्या. सर्व काही तारखेसह वहीत लिहा. दर महिन्याला एकदा असे वर्षभर करा आणि प्रत्येक जातीच्या स्थिती-गुणांकाचा आलेख काढा. कोणत्या महिन्यात मासे हडकतात? कोणती नावे म्हाताऱ्या मासेमारांना आठवतात, पण टोपलीत दिसत नाहीत? नांदेडच्या एका शाळेने आणि लातूरच्या एका शाळेने अशा वह्या ठेवून त्या एकमेकींना दाखवल्या, तर दोन नद्यांच्या प्रकृतीची तुलना करता येईल. त्या वहीत पुढच्या संशोधकालाही उपयोगी पडेल अशी माहिती साठलेली असेल.