फटाक्यांची भीती: दिवाळीआधीचे सहा आठवडे

(गणेशोत्सवानंतरच्या रविवारी झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते पशुवैद्य आहेत. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



गणपती नुकतेच गेले. मिरवणुकीचे ढोल-ताशे अजून कानात असतील. तुमच्यापैकी काहींच्या घरचा कुत्रा त्या रात्री दिवाणाखालून बाहेरच आला नसेल. अनंत चतुर्दशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण साडेसहा आठवडे मिळतात. आयोजक म्हणाले, हा विषय दिवाळीच्या आठवड्यात ठेवू. मी म्हटलं, नको, तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दवाखान्यात फोन सुरू होतात: "डॉक्टर, झोपेची काहीतरी गोळी द्या ना." आज त्या गोळीपासूनच सुरुवात करतो, कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

व्यवसायातली माझी सुरुवातीची वर्षं होती. बडी नावाचा एक लॅब्रेडॉर यायचा. फटाके वाजले की थरथरायचा, लाळ गाळायचा, दार ओरबाडायचा. मी त्याला त्या काळी सर्रास दिली जाणारी गुंगीची गोळी दिली. एसप्रोमॅझिन तिचं नाव. दिवाळीनंतर घरचे आजोबा आले. मी विचारलं, "काय, शांत होता ना?" ते म्हणाले, "पडून होता. पण झोपला नव्हता हो, डोळे उघडेच होते." मला त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी तीच गोळी, परत पडून. तिसऱ्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे दार उघडलं गेलं आणि बडी जिन्यावरून खाली, फाटकातून बाहेर. तिसऱ्या दिवशी सापडला, पंजे सोललेले होते.

आजोबांनी मला पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं नव्हतं. एसप्रोमॅझिन शरीर ढिलं करतं, भीती कमी करत नाही. प्राण्याला सगळं ऐकू येत असतं, कळत असतं. फक्त पळता येत नाही, लपता येत नाही. काही प्राणी तर त्या गोळीने आवाजाला जास्तच दचकतात. म्हणजे आम्ही त्याला दोन दिवाळ्या जागेवर बांधून घाबरवलं होतं. म्हणून आज जगभरातले पशुवैद्य सांगतात की फटाक्यांच्या भीतीसाठी हे औषध एकट्याने देऊ नये.

आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे: प्राणी शांत दिसणं आणि प्राण्याची भीती कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण काम करायचं ते भीतीवर.

त्याला नेमकं काय होतं?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याची वरची मर्यादा ४५,०००च्या आसपास, मांजराची ६०,०००च्याही पुढे. बारीक आवाजही त्यांना आपल्यापेक्षा लांबून कळतो. आता फटाका घ्या. आपल्याकडच्या नियमानुसार, फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांना बंदी आहे. म्हणजे १२५ ही परवानगीची कमाल मर्यादा झाली. आपण एकमेकांशी बोलतो तो आवाज असतो ६०च्या आसपास. आणि डेसिबलचं मोजमाप असं आहे की दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते.

पण नुसता मोठा आवाज हे कारण नाही. मिक्सरचाही आवाज मोठाच असतो, त्याची बहुतेक कुत्र्यांना सवय होते. फटाका कधी वाजेल, कुठून वाजेल, किती वेळ वाजत राहील, काहीच कळत नाही. त्यात वास, धूर, उजेडाचे झोत. मेंदूला एकच अर्थ लागतो: जिवावर बेतलंय. अॅड्रिनलिन सुटतं, हृदय धडधडतं, पचन थांबतं. म्हणूनच तो आवडता खाऊही तोंडात घेत नाही. "नखरे करतोय" असं आपण म्हणतो. तो नखरा नसतो, त्या क्षणी त्याला खाताच येत नाही.

ही भीती एका फटक्यात शिकली जाते. पावलॉव्हचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. घंटा आणि कुत्र्याची लाळ. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यात अडकले. कर्मचाऱ्यांनी त्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढलं. वाचले सगळं झाल्यावर, पण काही कुत्र्यांचं शिकलेलं पुसलं गेल्यासारखं झालं. पुढे एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली, तर तो पुन्हा भेदरला. एका पुराची आठवण एवढी टिकली. आपला कुत्रा तर दरवर्षी चार-पाच दिवस त्या पुरात असतो. "वय वाढलं की आपोआप सवय होईल" असं म्हणून सोडून दिलं, तर पुष्कळदा भीती वाढतच जाते.

जवळ घेतल्याने भीती वाढते का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. "जवळ घेऊ नका, लाडावेल, घाबरण्याला बक्षीस दिल्यासारखं होईल." मंडळी, बक्षिसाने वागणूक वाढते, भीती ही भावना आहे, ती बक्षीस मिळालं म्हणून कोणी मुद्दाम आणत नाही. अंधाराला घाबरलेलं मूल आजीच्या कुशीत शिरलं म्हणून अंधाराला जास्त घाबरायला लागत नाही. कुत्रा जवळ आला तर येऊ द्या, हात फिरवा, हळू बोला. त्याला लपायचं असेल तर लपू द्या. ओढून बाहेर काढू नका, "बघ, काही नाही" म्हणून गॅलरीत तर मुळीच नेऊ नका. आणि ओरडू नका. त्याच्या हिशेबात मग फटाकाही वाईट आणि तुम्हीही.

आजपासून काय करायचं?

पहिलं काम, जागा. घरातली सगळ्यात आतली जागा शोधा. रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली, पॅसेज, दिवाणाखालचा कोपरा. पुष्कळ कुत्रे स्वतःच बाथरूम निवडतात. तिथे त्याचं अंथरूण टाका, तुमची एखादी जुनी ओढणी किंवा बनियन ठेवा, आणि आजपासून रोजचं एक जेवण तिथे द्या. ती जागा चांगली आहे हे त्याला आधी कळायला हवं. दार बंद करून कोंडू नका, कोंडलेला कुत्रा दार ओरबाडून नखं तोडून घेतो.

दुसरं काम, आवाजाची ओळख. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मिळतं. शक्यतो मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर लावू नका, त्यात धडामचा खालचा आवाज येतच नाही. जरा मोठा स्पीकर घ्या. आवाज इतका लहान ठेवा की कुत्र्याचे कान फक्त हलतील, पण तो बसलेला उठणार नाही. आवाज आला की लगेच चिकनचा, पनीरचा किंवा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर खाऊ दिसला की त्याला धास्ती वाटायला लागेल. रोज पाच मिनिटं पुरे. चार-पाच दिवस तो निवांत राहिला तर आवाज एक घर वाढवा. खाणं थांबवलं, धापा टाकायला लागला, ओठ चाटायला किंवा सारख्या जांभया द्यायला लागला, तर दोन घरं मागे या. पितृपंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये म्हणतात. हे मात्र जरूर सुरू करा. खाऊ म्हणून फराळ देऊ नका. लाडवातले, शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

ज्याची भीती टोकाची आहे, त्याला सहा आठवडे पुरणार नाहीत. त्याचा हा अभ्यास पुढच्या दिवाळीसाठी समजा. पण याचाच एक सोपा भाग सगळ्यांना जमतो: प्रत्यक्ष फटाका वाजला की त्याच क्षणी आपण आनंदाने खाऊ द्यायचा किंवा खेळ सुरू करायचा. बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी २०२० साली १,२२५ कुत्र्यांच्या मालकांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या उपायाने फरक पडला असं सांगणारे ७० टक्क्यांहून जास्त होते. डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि शांत बसण्याचं प्रशिक्षण ६९ टक्के. फुलांचे अर्क, होमिओपॅथी, वनस्पतींच्या गोळ्या, सुगंधी द्रव्यं हे सगळं २७ ते ३५ टक्क्यांत, म्हणजे नुसत्या समजुतीने जेवढा फरक वाटावा तेवढाच. ही मालकांची मतं आहेत, मोजमाप नव्हे. तरी पैसे कुठे घालायचे याचा अंदाज त्यातून येतो.

तिसरं काम, डॉक्टर. आताच भेटा. भीती कमी करणारी औषधं आज आहेत. काही फटाके सुरू होण्याआधी तास-दोन तास द्यायची असतात. घाबरून गेल्यावर दिली तर नीट चालत नाहीत. काही रोज द्यावी लागतात आणि त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून मी दिवाळीत बोलायला नको म्हटलं. पहिला डोस शांत दिवशी देऊन बघायचा, तो मानवतो का ते कळतं. तुमच्या घरातली माणसांची झोपेची गोळी देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. आणि म्हातारपणी अचानक आवाजाला घाबरायला लागलेला कुत्रा असेल, तर सांधे तपासून घ्या. दचकल्यावर दुखतं, मग त्या आवाजाचीच धास्ती बसते.

दिवाळीचे चार दिवस

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांसाठी दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही जाणता, त्यामुळे घड्याळावर विसंबू नका. संध्याकाळचा फेरफटका उजेड असतानाच उरका. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर पहाटेच फटाके सुरू होतात आणि नेमकी तीच आपली फिरायला न्यायची वेळ. त्या दिवशी चांगलं उजाडल्यावर जा. बाहेर नेताना गळपट्ट्यावर भरवसा नको, छातीचा पट्टाही घाला. घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून गळपट्ट्यातून निसटतो. गळ्यात फोन नंबरची पट्टी हवीच.

फराळाची ताटं घेऊन पाहुणे येत-जात असतात. दार सताड उघडं राहतं. घरातल्या एकावर दाराची जबाबदारी सोपवा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू. कानात कापसाचे बोळे कोंबू नका. आवाज फारसा थांबत नाही आणि आत गेला तर वेगळंच दुखणं.

निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न: आमची मांजर काहीच करत नाही, कपाटावर जाऊन बसते. ती घाबरत नाही असं समजायचं का?

उत्तर: नाही. मांजर घाबरली की बहुधा गप्प होते. कपाटावर किंवा पलंगाखाली पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवा, तिची मातीची पेटी आणि पाणी जवळ ठेवा. खिडक्यांना जाळी नसेल तर त्या बंदच ठेवा. वरच्या मजल्यावरून मांजरं पडतात.

प्रश्न: सोसायटीतल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काय करायचं?

उत्तर: त्यांना हाकलू नका, एवढं तरी करा. पार्किंगच्या आतल्या भागात, जिन्याखाली दोन-चार पोती टाका, पाणी ठेवा, रखवालदाराला सांगून ठेवा. फटाके कुठे उडवायचे ते सोसायटीच्या बैठकीत ठरवा आणि ती जागा त्या कोपऱ्यापासून लांब घ्या. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करून दिवाळी सुरू करतो, त्यामुळे ही मागणी कोणाला फार परकी वाटू नये.

प्रश्न: कुत्रा पळालाच तर?

उत्तर: मागे धावू नका, तो आणखी लांब जातो. दिसला तर खाली बसा, अंग वळवून, हळू हाक मारा. दिसला नाही तर उभ्या गाड्यांखाली, गटारांच्या कडेला, बंद दुकानांच्या पायऱ्यांपाशी शोधा. फटाके थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर आणि पहाटे तो हलतो. दूधवाले, पेपरवाले, सफाई कामगार त्या वेळी रस्त्यावर असतात, त्यांना फोटो द्या.

प्रश्न: बडीचं पुढे काय झालं?

उत्तर: औषध बदललं. पॅसेजमध्ये त्याची जागा केली. आजोबा पाटावर बसून प्रत्येक आवाजाला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचे. तो शेवटपर्यंत थोडा घाबरायचाच. पण दुसऱ्या वर्षी आजोबा येऊन म्हणाले, "डॉक्टर, काल लक्ष्मीपूजनाला दहा वाजता घोरत होता."