इंजिन उघडताना

बोल्टला इतक्यात कुणी पाना लावायचा नाही, असं प्राध्यापकांनी दोनदा बजावलंय. आधी फोटो. चासी नंबर, इंजिन नंबर, मीटरवरचा आकडा, मग बॉनेटच्या आतलं सगळं. बॅटरी पार उतरलेली. मीटर लागत नाही म्हणून एक पोरगा शेजारच्या गाडीची बॅटरी काढून आणतो, तारा जोडतो, काचेआड आकडा उमटतो: ६१ हजार आणि वर काही. तो तीन वेगळ्या वह्यांत लिहिला जातो, कारण इथं तीन वकील आहेत.

नांदेडच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपची ही मागची शेड. एमएच २४ ची डिझेल गाडी इथं गेल्या पावसाळ्यापासून उभी आहे. मालक अहमदपूरचा. गाडी घेतली लातुरात, बंद पडली माळाकोळीजवळ, टोचन लावून आणली नांदेडला, आणि तक्रार आहे लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एवढी सोय केली आहे की तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, मग कंपनीचं मुख्यालय कुठंही असो. दहा ते वीस लाखांच्या वस्तूला तक्रारीची फी चारशे रुपये. तपासणीचा खर्च मात्र आधी तक्रारदारानंच भरायचा, आणि त्याची पावती मालकानं वरच्या खिशात घडी करून ठेवली आहे. कुणी मागितली नाही तरी तो ती दाखवतो.

कोण कुणाच्या बाजूचा आहे ते उभं राहण्यावरूनच कळतंय. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर छत्रपती संभाजीनगरहून आलाय. इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप. त्याच्या खांद्याला खांदा लावून डीलरचा वर्क्स मॅनेजर, आणि त्या दोघांचे दोन वकील एकाच गाडीतून उतरलेले. इकडं मालक, त्याचे चुलते, लातूरच्या वकील मॅडम, आणि देगलूर नाक्यावरून बोलावलेले एक उस्ताद. उस्तादांना कागदोपत्री काहीच स्थान नाही. ते फक्त बघायला आलेत. मीही तसाच, वकील मॅडमच्या ओळखीवर आत शिरलेला. मधे प्राध्यापक. आयोगानं नेमलेले तज्ज्ञ, यंत्र अभियांत्रिकी शिकवतात. ते कुणाचाच चहा घेत नाहीत.

भांडण साधं आहे. कंपनीचं लेखी म्हणणं असं की गाडी पाण्यातून घातली, हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं, इंजिन हायड्रोलॉक झालं, ही मालकाची हयगय, सबब वॉरंटी लागू नाही. गाडी बंद पडली ऑगस्ट २०२५ मध्ये. त्याच महिन्यात मुखेड तालुक्यात गावं पाण्याखाली गेली होती, देशभर बातम्या होत्या. नांदेड जिल्हा आणि ऑगस्ट म्हटलं की कंपनीच्या वकिलाला आपोआप पाणी दिसतं. माळाकोळी लोहा तालुक्यात आहे, मुखेडमध्ये नाही; लेखी उत्तर देताना कंपनीत नकाशा कुणी उघडलेला दिसत नाही.

"पाऊस होता, न्हाई कोण म्हणतंय?" मालक मला सांगतो. "पण रस्ता केवढा उंच हाय. ऑइलचा दिवा लागला तवाच मी गाडी साईडला घेतली. गाडीत तुळजापूरहून आलेलं गिऱ्हाईक होतं, लेकरंबाळं होती. चालू गाडी कशाला मोडून घेईन मी?"

उस्ताद जवळ सरकतात. "रॉड टेढा तो पानी. बेअरिंग जला तो ऑइल. बस. बाकी सब बातां."

वकील मॅडम तीस पानी निवेदनात जे सांगतायत ते हेच. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उलट ऑइल पोचलं नाही तर रॉड सरळ राहतो, पण क्रँकवरची बेअरिंगची पाती खरवडून निघते आणि क्रँक उष्णतेनं निळसर पडतो. म्हणजे उत्तर इंजिनच्या पोटात आहे. इतके महिने ते तिथंच होतं. ते उघडायला आयोगाचा आदेश लागला.

एअर फिल्टरचा डबा पहिल्यांदा उघडतात. आत कोरडी तांबडी धूळ, कुठं गाळाची रेघ नाही. प्राध्यापक कागदावर बोट फिरवून वास घेतात.

"फिल्टर नंतर बदललेला असू शकतो," इंजिनिअर म्हणतो.

"कुणी बदलला? गाडी तुमच्याच शेडमध्ये आहे ना?" मॅडम विचारतात. डीलरचा मॅनेजर छताकडं बघतो.

इंजिन खाली घ्यायला वेळ लागणार. साखळीची कप्पी आणायला पोरं जातात, आणि मी पुढच्या काउंटरवर पाण्याची बाटली घ्यायला जातो, तर तिथं वेगळंच चाललंय. एक निवृत्त गुरुजी २०१४ ची पेट्रोल गाडी घेऊन आलेत. ॲव्हरेज घसरलंय, फ्युएल पाइप कडक झालाय. काउंटरवरची मुलगी नम्रपणे सांगते की सर, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, त्याला आम्ही काय करणार? गुरुजी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडून दाखवतात. तिथं दहा टक्क्यांची मर्यादा छापली आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के घटेल. या मिश्रणावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. कंपनी पंपाकडं बोट दाखवते, पंप सरकारकडं. "आणि ऊस माझाच," गुरुजी हसत म्हणतात, "कारखान्याला घालतो मी दरसाल." पाइप बदलून घ्यायचा ठरतो. पैसे गुरुजींचे.

मागं आलो तर चुलते बोलतायत. ते आधी टवेरा चालवायचे, लातूर-नांदेड काळी-पिवळीच्या जमान्यात. २०१३ च्या जुलैत जनरल मोटर्सनं १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या होत्या, २००५ पासूनच्या. गाडीत ब्रेकबिघाडासारखं काही नव्हतं. धुराच्या चाचणीला निवडक इंजिनं पाठवून कंपनीच्याच लोकांनी नियमांना बगल दिली होती, आणि ते कंपनीनं स्वतःच कबूल केलं. सरकारी समितीनं त्याला कंपनीची फसवणूक म्हटलं. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सनं भारतातली विक्रीच बंद केली.

"आम्हाला काय कळतंय हो?" चुलते म्हणतात. "धूर निघायचा, आम्ही म्हणायचो डिझेल खराब हाय."

मला वाटतं, या शेडमधल्या सगळ्या भांडणाचं मूळ त्यांच्या या वाक्यात आहे. टवेरातला दोष कुठलाही ड्रायव्हर, कुठलाही उस्ताद गाडी कितीही खोलून शोधू शकला नसता. तो कारखान्याच्या फायलींत होता. आणि कायदा अजूनही आधी गिऱ्हाइकालाच म्हणतो, दाखव दोष.

तेव्हा सक्तीनं गाड्या परत बोलवायला लावणारं कलम नव्हतं. आता आहे: मोटार वाहन कायद्याचं ११०-अ, १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांसह. सात वर्षांच्या आतली गाडी, ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. पण ते एका प्रकारच्या सगळ्या गाड्यांसाठी. अहमदपूरच्या एकट्या गाडीला त्याचा उपयोग नाही, आणि आपल्यासारखी दुसरी गाडी गेवराईला किंवा परळीला बंद पडून आहे का, हे मालकाला कळायची सोय नाही. कंपनीला ते एका बटणावर दिसतं.

मग नवा 'उत्पादन दायित्वा'चा भाग लावा की, असं मी मॅडमना विचारतो. त्या मान हलवतात. २०१९ च्या कायद्यात तो भाग आला खरा, पण हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलंय. इंजिन फुटून कुणाचा पाय गेला तर हानी. नुसतं इंजिन गेलं तर नाही. म्हणून ही तक्रार जुन्याच वाटेनं, वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी म्हणून चालवायची. शिवाय गाडी भाड्यानं चालते, तेव्हा मालक 'ग्राहक'च नाही असाही मुद्दा समोरून आलाय. त्याला उत्तर म्हणून तक्रारीच्या दुसऱ्याच परिच्छेदात त्यांनी लिहून ठेवलंय की गाडी स्वतः चालवून त्यावरच घर चालतं. "हे वाक्य विसरलं की केस पहिल्या तारखेला मरते," त्या म्हणतात.

इंजिन साखळीवर झुलत खाली येतं. ऑइल सोडतात. डबाभर काळं, दाट, पण पाण्याचा दुधाळपणा नाही. प्राध्यापक एका स्वच्छ बाटलीत नमुना घेतात, झाकणावर सही करतात. सम्पचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचे, बोल्ट एकेक सुटू लागतात आणि आता बोलणं आपोआप थांबतं. सगळे वाकलेत. वकीलही, पँट सावरत.

सम्प निघतो. ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते, तिच्यावर काहीतरी करडं चिकटून बसलंय. रबरासारखं. प्राध्यापक चिमट्यानं उचलतात. नखाएवढे दोन तुकडे आणि बारीक भुगा.

"सिलिकॉन," उस्ताद पुटपुटतात.

सम्प बसवताना कडेला लावतात ते. हात जड पडला की जादाचं आत दाबलं जातं, सुकतं, तुटतं, ऑइलबरोबर वाहत जाळीवर बसतं. जाळी तुंबली की पंप कोरडा ओढतो. पुढचं मग कॅप सोडल्यावर दिसतंच: तिसऱ्या नंबरची पाती जागेवरून फिरलेली, तांबं उघडं पडलेलं, क्रँकचा तेवढा भाग निळा. चारही रॉड काढून प्राध्यापक सपाट पाट्यावर ठेवतात, खाली फीलर गेज सरकवून बघतात. आकडे लिहून घेतात. निष्कर्ष आयोगालाच कळवीन, इथं नाही, असं सांगतात. पण रॉड वाकलेले नाहीत हे उघड्या डोळ्यांना दिसतंय, आणि 'हायड्रोलॉक' हा शब्द यानंतर कुणाच्याच तोंडून येत नाही.

आता खरी गंमत सुरू होते. सिलिकॉन कुणाच्या हातचं? कारखान्यातलं असेल तर तो निर्मितीतला दोष, कंपनीच्या गळ्यात. पण मालकाला आठवतं. "ऑइल पाझरायलं म्हून लातूरला सम्प खोलला होता की. चाळीस हजारच्या सर्व्हिसिंगला." त्या कामाचं जॉबकार्ड? ते मालकाकडं नाही. त्याला फक्त बिल मिळालं, त्यावर 'जनरल चेकअप' लिहिलेलं. जॉबकार्ड डीलरकडं, आणि त्याची नोंद कंपनीच्या संगणकात.

इतका वेळ खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन वकील हलकेच बाजूला होतात. कंपनीच्या वकिलाला २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तोंडपाठ आहे. गोव्यातल्या एका ग्राहकाला जुनं मॉडेल नवं म्हणून विकलं गेलं होतं. न्यायालयानं म्हटलं की डीलर आणि टाटा मोटर्स यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं आहे, कंपनीचा स्वतःचा हात किंवा तिला माहिती असल्याचं दिसल्याशिवाय डीलरच्या कृत्याची जबाबदारी तिच्यावर येत नाही. म्हणजे सम्प लातुरात उघडला असेल तर कंपनी मोकळी. डीलरचा वकील लगेच म्हणतो, आमच्याकडं उघडल्याची नोंद नाही, कारखान्यातलंच असणार. बोर्डावर दोघांचं नाव एकाखाली एक आहे. मालकानं तो बोर्ड बघूनच गाडी घेतली होती.

"मग नोंद दाखवा," मॅडम म्हणतात.

"सिस्टिममधून काढायला हेड ऑफिसची परवानगी लागते," इंजिनिअर लॅपटॉप मिटत म्हणतो.

"हेच वाक्य पंचनाम्यात घ्या. आणि ईसीयूमधला डेटा? ऑइलचा दिवा किती किलोमीटरला लागला, इंजिन त्यानंतर किती सेकंद चाललं?"

"त्यालाही."

उस्तादांकडं स्कॅनर आहे, पण ही गाडी त्याला आत घेत नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा कार कंपन्यांना २,५४४ कोटींवर दंड केला होता. प्रकरण पुढं अपिलांत गेलं. देगलूर नाक्यापर्यंत अजून काही पोचलेलं नाही.

पंचनामा लिहिला जात असताना इंजिनिअर मालकाला शेडच्या कडेला घेतो. मीही सरकतो, कान लांब करून. तो वाईट माणूस नाही, आवाजही मऊ आहे. साहेबांशी बोललोय, म्हणतो. गुडविलमध्ये करून देऊ, निम्मे तुम्ही निम्मे आम्ही, शॉर्ट ब्लॉक नवा, महिन्याच्या आत गाडी रस्त्यावर. हप्ते थकलेत ना? मालक चुलत्यांकडं बघतो. हप्ते थकलेत. फायनान्सवाल्यांचे फोन येतात म्हणून त्यानं सिम बदललंय, हे सकाळीच त्यानं मला सांगितलं होतं.

छापील कागद तयारच आहे. मॅडम तो वाचतात, चष्म्यावरून बघतात आणि एका ओळीवर पेन ठेवतात: कोणताही दोष अथवा उत्तरदायित्व मान्य न करता.

"दोष न्हाई म्हणताव," मालक इंजिनिअरला विचारतो, "मग निम्मे पैसे कशाचे द्यायलाव?"

"ग्राहकाच्या समाधानासाठी."

"समाधान निम्मंच व्हायलं की."

पोरं हसतात. कागदावर सही होत नाही. फाडलाही जात नाही. चुलते तो घडी घालून खिशात ठेवतात, पुढची तारीख लातूरला आहे, तोवर इचार करू म्हणतात. प्राध्यापक सिलिकॉनचे तुकडे पाकिटात घालून लाख लावतात, तिन्ही वकिलांच्या सह्या घेतात. दोन्ही विरुद्ध पक्ष पंचनाम्याची वेगवेगळी प्रत मागतात. आणि डीलरचा मॅनेजर आठवण करून देतो की गाडी उभी ठेवायचं भाडं रोजचं चालू आहे, खोललेल्या इंजिनला आणखी जागा लागेल. त्यावर आता नव्यानं वाद पेटलाय. मॅडमनी पंचनाम्याचं शेवटचं पान परत मागवलंय, भाड्याबद्दलची हरकत त्यात घालायला.